आखाड्याची राखण : चांदणीची वही

१० नोव्हेंबर २०२४

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरून, दोन शेळ्या चोरीला गेल्या. दोन्ही उस्मानाबादी, दोन्ही गाभण. मागच्या बाजूची जाळी पक्कडीने कापलेली होती. उन्हाळ्यात विहिरीवरची केबल गेली होती, आता शेळ्या. आखाडा गावापासून दीड किलोमीटर आत आहे. रात्री तिथे आमचा सालगडी, त्याची बायको आणि पोर राहतात. आठवड्यातून चार रात्री आम्हीही असतो.

मामा म्हणाले, "आता कुत्रं आणा. चांगलं तिखट बघून आणा." घरात सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं, आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या येळवशीला (वेळ अमावास्येला, रानात पूजा आणि जेवण करायच्या सणाला), म्हणजे ११ जानेवारीला, आमच्या वाघ्याने गड्याची पोर चावली. सात वर्षांची होती. ताटात उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) घेऊन गोठ्याकडे निघाली होती, वाटेत वाघ्याची साखळी. वाघ्या तीन वर्षं त्याच दोन हात साखळीला बांधलेला. मनगटाच्या वर चार दात लागले. कुणी चुना आणायला धावलं, कुणी हळद. मी तिला नळाखाली धरलं आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं, एवढं एक माझ्या हातून नीट झालं. दवाखान्यात जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) दिलं आणि लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टरांनी कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं. वाघ्या दहाही दिवस धडधाकट होता. अकराव्या दिवशी साखळीला नव्हता. टेम्पोत घालून कुठेतरी लांब सोडला, एवढंच मला कळलं. कुणी सोडला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

वाघ्याला लहानपणी अंधाऱ्या खोलीत कोंडलं होतं, भाकरीत मिरची घालून चारली होती. कुत्रं तिखट होतं म्हणून. घरात हे चाललं होतं आणि मी बघत होते.

म्हणून या वेळी वही. कुत्रं मी निवडणार, मी शिकवणार, रोजचं लिहून ठेवणार. अटी तीन : साखळीला कायमचं बांधायचं नाही, कुणी हात उगारायचा नाही, मिरची नाही. मामा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बघ मग."

१७ नोव्हेंबर

चाकूर तालुक्यातल्या जानवळला जाऊन आले. पश्मी आणि कारवानी कुत्र्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. कारवानी म्हणजे अंगाला चिकटलेले आखूड केस, पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर लांब मऊ केस. दोन्ही उंच, सडपातळ, खोल छातीची. एक गव्हाळी कारवानी मादी पाहिली. इतकी देखणी की माघारी फिरताना जीव तुटत होता. आपल्या उन्हाला ही जात उत्तम, अनोळखी माणसाला पटकन लगटही करत नाही.

तरी घेतली नाही. ही कुत्री नजरेने शिकार धरणारी आहेत. लांबवर काही पळताना दिसलं की मागे सुटायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात भरवलंय. आमच्या शिवारात काळवीट येतात, रोही (नीलगाई) येतात. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुत्र्याने एखादं मारलं तर उत्तर मला द्यावं लागेल, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मला ते नको आहे. शिवाय ज्याने राखण करायची ते मैलभर लांब गेलं तर शेळ्यांपाशी कोण? रोज मोकळ्या रानात पळवून आणायला ज्याच्याकडे वेळ आणि सुरक्षित जागा आहे, त्याने कारवानी जरूर ठेवावी.

२ डिसेंबर

भाऊजींनी फोनवर रॉटवायलरच्या पिल्लांचे फोटो पाठवले. केंद्राने १२ मार्च २०२४ ला तेवीस जातींवर बंदी आणा असं राज्यांना कळवलं होतं, त्यात ही जात होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केलं. भाऊजींचं म्हणणं, म्हणजे आता चालतंय. माझं म्हणणं वेगळं होतं. पन्नास किलोचं जनावर, रोज दोन तास देणारा अनुभवी माणूस घरात नाही, आणि अंगणात लहान पोर. जर्मन शेफर्डही बघून झाला. दाट दुहेरी केसाळ कातडं आणि आमचा बेचाळीस अंशांचा एप्रिल.

३१ डिसेंबर

काल येळवस झाली. आज माळेगावच्या यात्रेला गेलो. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या खंडोबाची ही यात्रा घोडे, गाढवं, उंट आणि कुत्र्यांसाठी लांबवर माहीत आहे. एका माणसाकडे टोपलीभर पिल्लं होती. दात नुकते फुटलेले, फार तर महिन्याची. "दोन महिन्यांची आहेत," म्हणाला. आई कुठे विचारलं तर गावाकडे. आई दाखवत नसेल त्याच्याकडून पिल्लू घ्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. महिन्याच्या पिल्लाला आईपासून तोडलं की दुसऱ्याला किती जोरात चावावं याचा अंदाज त्याला येत नाही. भावंडांच्या केकाटण्यातूनच तो येतो.

पण माळेगावला जाणं फुकट गेलं नाही. घोंगड्यांच्या पालापाशी एक मेंढपाळ भेटले. त्यांची कुत्री तेरा दिवसांपूर्वी व्यायलेली, पाच पिल्लं. मेंढरांचा वाडा आमच्याच तालुक्यात, तुरीच्या रानात बसवलाय. म्हणाले, "ताई, पिल्लं मागायला सगळे येतात. आधी आईला बघायला या."

असं म्हणणारा माणूस मला महिनाभरात पहिल्यांदा भेटला.

२६ जानेवारी २०२५

वाड्यावर गेले. लांबूनच कुत्री उठली. मेंढरं आणि मी यांच्यामध्ये येऊन उभी राहिली, भुंकली. शेपूट ताठ, पण अंगावर येत नव्हती आणि मागेही सरकत नव्हती. मेंढपाळांनी एक शब्द टाकला तशी बसली, नजर माझ्यावरच. मी बांधावर बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तिने माझ्याकडे पाठ केली आणि मेंढरांकडे बघत पडून राहिली. माझ्याकडे लाड करून घ्यायला आली नाही. मला हेच बघायचं होतं. परक्याला बघते, सांगते, धनी म्हणाला की ऐकते, आणि धोका नाही कळल्यावर अंग सैल सोडते. गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता, लांडग्यांसाठी. पिल्लांचा बापही तिथेच होता. मेंढपाळांची नात त्याच्या कानातलं गोखरू काढत होती आणि तो डोळे मिटून उभा होता.

पिल्लं साडेपाच आठवड्यांची. मी एक जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) ताट नेलं होतं. पिल्लांपासून दहा पावलांवर ते खडकावर टाकलं. पाचही दचकली. एक गाडीखाली गेलं ते निघेचना. सगळ्यांत दांडगं होतं ते भुंकत ताटावर धावून आलं, त्याचे भाव मेंढपाळांकडे तिघांनी आधीच विचारले होते. एक मादी, कपाळावर पांढरा ठिपका, दचकून चार पावलं मागे गेली, थांबली, मग मान लांब करून ताट हुंगायला आली आणि त्यात बसली. एकटीला बांधापलीकडे नेलं तेव्हा जराशी रडली आणि माझ्या पायाशी आली. उताणी धरली तर धडपडली, मग सैल पडली.

या वयातल्या चाचणीवर फार भिस्त ठेवता येत नाही. पिल्लू पुढे बदलतं. आईवर माझी भिस्त जास्त होती. तरी पाचांतलं एक निवडायचंच होतं तर दचकून परत येणारं निवडलं. न दचकणारं कुत्रं मला मिळणार नाही, पण दचकल्यावर सावरणारं हवं.

१६ फेब्रुवारी

साठ दिवसांची झाल्यावर आणली. नाव गड्याच्या पोरीने ठेवलं, लांबूनच, ओट्यावर उभी राहून : चांदणी. पोर खाली उतरली नाही. मी तिला बोलावलंही नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताचं औषध आणि पार्वो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांची पहिली लस. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर.

रात्री अडीच वाजेपर्यंत रडली. आईच्या अंगाखालचं पोतं मेंढपाळांकडून मागून आणलं होतं, ते अंथरलं आणि शेजारी खाट टाकली.

२ मार्च

इथे जरा पेच आहे. पिल्लू जग ओळखतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. या काळात जे दिसलं नाही ते पुढे परकं आणि धोक्याचं वाटतं. आणि नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात, पार्वो गावातल्या मातीत असतो. तिला जमिनीवर न टेकवता जग दाखवायचं, असा मार्ग काढला. भाजीच्या मोठ्या टोपलीत पोतं घालून तिला आठवडी बाजारात नेते. कडेला बसायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही, नुसतं बघायचं. आत्तापर्यंत : रुमालवाले म्हातारे, बुरख्यातल्या बाया, हेल्मेट घातलेला पोरगा, कुबड्यांवरचा माणूस, छत्री, एसटी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र (लांबून), शाळा सुटल्यावरचा गलका. प्रत्येक नव्या गोष्टीला उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा.

लोक विचारतात, राखणीच्या कुत्र्याला माणसांत कशाला न्यायचं, सगळ्यांशी दोस्ती करेल. मला दोस्ती नकोच आहे. रोजचं काय असतं हे तिला आधी पाठ हवं, म्हणजे त्याहून वेगळं काही आलं की तिला ते कळेल. ज्याला सगळंच वेगळं वाटतं ते कुत्रं रात्रभर भुंकतं आणि मग घरचे त्याच्याकडे लक्ष देणं सोडतात.

२० मार्च

रेबीजची लस झाली. दाखला वहीला टाचलाय.

३० मार्च, पाडवा

आज साल संपलं. गड्याने पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, "वैनी, कुत्रं साखळीला राहणार का मोकळं?" मी त्याला घेऊन जाळीची जागा दाखवली. दहा बाय पंधरा फूट, सात फूट उंच, वर पत्रा आणि पत्र्यावर उसाचं पाचट. दाराला आतून-बाहेरून दोन कड्या. मुद्दाम विहिरीच्या बाजूला घेतलीय, रस्त्याकडे नाही, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यावर दिवसभर जाळीवर धावून कुत्रं चिडखोर होतं. दिवसा जाळीत किंवा माझ्यासोबत दोरावर, रात्री कुंपणाच्या आत मोकळी, पोर घरात गेल्यावरच. त्याने दोन्ही कड्या लावून बघितल्या. राहतो म्हणाला.

कायदाही सांगून ठेवते, कारण आमच्याकडे तो कुणाला माहीत नसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये फार आखूड किंवा जड साखळीला बराच वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. आणि आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाघ्याच्या वेळी आमच्यावर कुणी तक्रार केली नाही. गड्याने केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२२ एप्रिल

ऊन बेचाळीसच्या घरात. शिकवणी पहाटे साडेपाच ते सहा आणि रात्री आठनंतर, प्रत्येक वेळी दहाच मिनिटं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून ते अंग गार करतं. धाप वाढली की मी थांबते.

पाच शब्द ठरवलेत आणि घरातल्या सगळ्यांना तेच वापरायला सांगितलेत : ये, बस, जागेवर, सोड, पुरे. जे हवं ते केलं त्याच क्षणी "शाब्बास" आणि लगेच तुकडा. उशीर झाला तर तिला वाटतं नंतर जे केलं त्याचा तुकडा मिळाला.

"सोड" वर सगळ्यांत जास्त वेळ घालवते. चोर मटणाला कीटकनाशक लावून कुंपणाच्या आत टाकतात, या भागात दोन कुत्री अशी गेलीत. म्हणून जमिनीवर पडलेलं तिने उचलायचंच नाही. मी मुठीत तुकडा धरते, ती नाक लावते, खरवडते, थकून मागे होते. मागे झाली की दुसऱ्या हातातून चांगला तुकडा. आता जमिनीवर ठेवलेल्या कलेजीवरून माझ्याकडे बघते. दहातून सातदा. उरलेल्या तीनदा खाते, म्हणून अजून भरवसा नाही.

खाणं : भाकरी-दुधावर कुत्रं वाढतं हा समज मीही बाळगून होते. नुसत्या ज्वारीवर पिल्लाचं भागत नाही. अंडी, कोंबडीचे तुकडे, भात, थोडी भाकरी. शिजवलेली हाडं नाहीत, कांदा नाही, आणि शेजारच्या बागेतली द्राक्षं अजिबात नाहीत, त्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात.

१९ जून

मृगाचा पाऊस झाला, सोयाबीन पेरलं. चांदणी सहा महिन्यांची, आणि एकाएकी शिकवलेलं सगळं विसरल्यासारखी. "ये" म्हटलं की दुसरीकडे बघते. परवा रोह्यामागे सुटली, दोर हातातून निसटला, अर्ध्या तासाने परत आली. आली तेव्हा मला इतका राग आला होता की हात शिवशिवत होता. तुकडा दिला आणि जवळ घेतलं. परत आल्यावर मारलं असतं तर पुढच्या वेळी ती परत यायला घाबरली असती. आता वीस हातांचा दोर, आणि "ये" फक्त तेव्हाच म्हणायचं जेव्हा मी दोर ओढून ते खरं करू शकते.

सकाळ-संध्याकाळ बांधाबांधाने फेरी, रोज त्याच वाटेने. आपलं रान कुठे संपतं हे कुत्र्याला पायांनीच शिकावं लागतं. पूर्वेच्या बांधावरच्या बाभळीपाशी आता आपोआप वळते.

१७ जुलै

भुंकणं सुरू झालं. आता हीच खरी शिकवणी. मी खाटेवरून ओरडत नाही. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटतं आपणही तिच्यासोबत भुंकतोय. उठायचं, तिच्यापाशी जायचं, ती जिकडे बघते तिकडे बघायचं. मग "पुरे", आणि गप्प झाली की तुकडा. तिचं काम सांगणं. बघितलं की तिचं काम संपलं.

आज रात्रीचा हिशेब : नऊ वेळा. कोल्हा तीन, दूधवाल्याची मोटारसायकल एक, शेजारचं कुत्रं दोन, चंद्र उगवताना एक (खरंच, दुसरं काही नव्हतं), दोन कळले नाहीत.

२२ ऑगस्ट, पोळा

मिरवणूक दोनशे पावलांवरून दाखवली. हलग्या, घुंगरं, झुली घातलेले बैल. कान मागे गेले, मग माझ्याकडे बघितलं. तेवढ्यावर घरी आणलं. मध्यंतरी एकदा माजावर आली होती, तीन आठवडे जाळीतच ठेवलं, गावातली कुत्री कुंपणाला फेऱ्या घालत होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी नोव्हेंबरातली तारीख दिलीय.

२८ सप्टेंबर

दहा दिवस वही उघडली नाही. पावसाने मराठवाडा बुडवला. मांजरा, तेरणेच्या काठची गावं पाण्यात. आमच्या ओढ्याचं पाणी गोठ्यात गुडघाभर आलं. शेळ्या ट्रॉलीत घालून रात्री गावातल्या घरी हलवल्या, सोयाबीन गेल्यातच जमा आहे. गड्याची पोर आणि चांदणी एकाच ट्रॉलीत, दोन टोकांना. पोरीने वाटेत एकदाही तिच्याकडे पाठ केली नाही. लेप्टोची लस वेळेत झालेली होती, साचलेल्या पाण्यातून तो रोग येतो, म्हणून तेवढी एक काळजी कमी.

पण काल ते झालं ज्याची मला धास्ती होती. पाच-सहा रात्री विजांचा कडकडाट, परकं घर, झोप नाही. मामा प्लास्टिकच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन अंधारातून अंगणात आले आणि चांदणी त्यांच्यावर गुरगुरली. ओठ वर, अंग मागे. मामांनी काठी उचलली.

मी मध्ये उभी राहिले. मामांसमोर इतक्या मोठ्याने मी आधी कधी बोलले नव्हते. गुरगुरणं ही पहिली सूचना असते : मला भीती वाटतेय, लांब राहा. त्या सूचनेला मार बसला तर भीती जात नाही, सूचना जाते. मग पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं. वाघ्या गुरगुरायचा सोडून कधीचा गप्प झाला होता, आणि आम्हाला वाटायचं सुधारला.

मामांनी काठी टाकली नाही, पण आत गेले.

२९ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर

रोज एकच काम. आधी खोळ नुसती जमिनीवर, तिच्याभोवती अंड्याचे तुकडे. मग मी खोळ हातात. मग डोक्यावर. मग गडी, वीस पावलांवरून, तिरका चालत, नजर न भिडवता. सातव्या दिवशी मामा स्वतः म्हणाले, "आण इकडं ती खोळ." ते लांबून तिरके चालले, तिच्याकडे न बघता एक तुकडा टाकला आणि निघून गेले. बाराव्या दिवशी शेपूट हलली. मामांनी ते बघितलं की नाही मला माहीत नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. फटाक्यांच्या तीन रात्री तिला आतल्या खोलीत ठेवलं, दार-खिडक्या बंद, रेडिओ चालू, सोबत मी. फटाक्यांची सवय करून देत बसले नाही. सप्टेंबरात ती एकदा घाबरलीय, एवढ्या लवकर पुन्हा ताणायचं नाही. या तीन रात्री शेळ्यांची राखण गडी आणि भाऊजींनी आळीपाळीने केली.

१४ नोव्हेंबर

ही नोंद सविस्तर लिहायची आहे.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आणि या आठवड्यात लाईट रात्रीची. मी आखाड्यावर होते. एक पन्नासला चांदणी भुंकली. तिचं कोल्ह्यासाठीचं भुंकणं मला आता ओळखू येतं, तुटक, इकडून तिकडे फिरत. हे तसं नव्हतं. एका जागेवरून, खालच्या आवाजात, सलग. बॅटरी घेऊन गेले. विहिरीच्या बाजूला, कुंपणाच्या आत, घोंगडी पांघरलेला माणूस, हातात काठी. चांदणी त्याच्या आणि शेळ्यांच्या मध्ये, पाच-सहा पावलांवर, ताठ. तो हलला नाही, ती पुढे गेली नाही.

"कोण हाय?" मी ओरडले.

"मी गं माय. मोटर टाकायला आलो व्हतो."

शेजारचे तात्या. विहीर दोघांची सामाईक आहे. त्यांच्या बॅटरीतला सेल गेला होता आणि तीन फेज कधी येईल नि जाईल याचा नेम नाही म्हणून अंधारातच फाटक उघडून आत आले होते. सत्तरीचे आहेत, गुडघ्याने अधू.

मी म्हटलं, "पुरे." ती थांबली. "ये." आली, माझ्या डाव्या पायाशी बसली, नजर तात्यांवर. तात्या मोटर टाकून गेले. जाताना म्हणाले, "अंगावर नाही आली बघ."

मला नंतर बराच वेळ उभं राहता येईना. वाघ्या मोकळा असता तर तात्या आज कुठे असते, हे डोळ्यांपुढून हलेना. रात्री शेतात येणाऱ्या दहा माणसांत चोर एखादा असेल. बाकीचे पाण्याला आलेले, वाट चुकलेले, गुरं शोधणारे. कुत्र्याने अडवून धरावं आणि बोलवावं, माणूस कोण ते मी ठरवेन. वर्षभर मी हेच शिकवत होते, पण इतक्या स्पष्टपणे मला ते काल रात्री कळलं.

सुधारणा : फाटकाला घंटा बांधली. येणाऱ्याने आधी वाजवायची. पाटीही लावली, "कुत्रा मोकळा आहे, घंटा वाजवा." तात्यांना नवे सेल दिले.

२७ नोव्हेंबर

शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले, जखम कोरडी. मामांना अजून वाटतं ती मवाळ आहे. तात्यांच्या रात्रीबद्दल त्यांचं मत, "चोर असता तर?" मी म्हटलं, चोर असता तरी तुम्ही-आम्ही जागे झालोच असतो. पटलं नाही. दीड-दोन वर्षांची होईपर्यंत तिची राखणीची वृत्ती पुरती पिकणार नाही, तोवर मी तिला माणसावर सोडायचं काही शिकवणार नाही, आणि नंतरही नाही. असं शिक्षण पोलिसांच्या कुत्र्यांना मिळतं, त्यांच्यासोबत शिकलेला माणूस चोवीस तास असतो.

मात्र जेवताना भाकरीचा एक कोर मामांच्या ताटाच्या कडेला बाजूला ठेवलेला असतो. तो कुणासाठी हे विचारायचं नाही, असं घरात ठरलंय.

१९ डिसेंबर, येळवस

काल चांदणीला वर्ष झालं. आज पन्नासेक माणसं आखाड्यावर. कडब्याची कोप (खोपटं), पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. चांदणी सकाळी दहा ते चार जाळीत, पाणी, सावली, चघळायला कच्चं हाड. बरेच जण म्हणाले, एवढी शिकवली आहे तर सोड ना, बघू. सोडली नाही. पन्नास अनोळखी माणसं, धावणारी पोरं, खाण्याचा वास, यात कुत्र्याची परीक्षा घेणं म्हणजे पोरांची परीक्षा घेणं. एक पाहुण्यांचा मुलगा जाळीतून काडी घालत होता. त्याला उठवलं आणि जाळीला ताडपत्री बांधली.

साडेचारला पांगापांग झाली. दोरावर बाहेर काढली आणि कोपीपाशी उभी राहिले.

गड्याची पोर आता नऊ वर्षांची आहे. गेले दहा महिने तिचं आणि चांदणीचं जे काही झालं ते तिच्या मनाने झालं. आधी ओट्यावरून फेकलेला अंड्याचा तुकडा, वीस पावलांवरून. पुरानंतर दहा. मी तिला कधी "ये, काही करत नाही ती" म्हटलं नाही. हे वाक्य वाघ्याबद्दलही कुणीतरी म्हटलं होतं.

आज ती ताटात उंडे घेऊन गोठ्याकडे निघाली. तीच वाट. पाच पावलांवर थांबली. मनगटावरच्या खुणा अजून दिसतात. मी दोर आखूड धरला आणि काही बोलले नाही.

"बस," ती म्हणाली. आवाज बारीक होता.

चांदणी बसली.

पोरीने वाकून एक उंडा जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे झाली. चांदणीने उंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी म्हणू का?" पोरीने विचारलं. मी मान हलवली.

"घे."

अंधार पडल्यावर पुरुष मंडळी कडब्याचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरली, तेवढा वेळ चांदणी आतल्या खोलीत. नऊ वीसला पोर घरात गेल्याची खात्री करून मोकळी सोडली. रात्रीचा हिशेब : दोन वेळा भुंकली. एकदा कोल्हा, एकदा कळलं नाही.